विलायतेतली पेन्शन बडोद्यात आणायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेस्टरला अठरा वर्षं काढून २०१९ च्या दिवाळीआधी आम्ही दोघं कारेलीबागेतल्या घरी परत आलो. मी तिकडे एका वेअरहाउसच्या पेरोलला होते, आमचे हे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. पेरोलमुळे पेन्शनचे कागद हाताखालून गेलेले, तेवढंच काय ते भांडवल, अ‍ॅडव्हायजर बिडव्हायजर मी नाही. पण उत्तरायणाला एनआरआय मंडळी आली की मुलं गच्चीवर पतंग उडवणार आणि आईबाप फाइल घेऊन माझ्या डायनिंग टेबलाशी बसणार, हे दरवर्षीचं ठरलेलं झालंय. प्रश्नही तेच ते. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. जास्त करून यूकेबद्दल आहे, बाकी देशांचं खाली थोडक्यात.

काकू, पेन्शन ट्रान्सफर करायची म्हणजे नक्की काय करायचं?

आधी तुझी पेन्शन कुठली ते बघ, कारण एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक सरकारी स्टेट पेन्शन, नॅशनल इन्शुरन्स (एनआय) भरून मिळते ती. दुसरी नोकरीची, पगार आणि नोकरीची वर्षं यावर ठरलेली, आयुष्यभर महिन्याला अमुक इतके असं लिहून दिलेली. तिसरी म्हणजे पॉट, तुझे आणि कंपनीचे पैसे जमा होऊन फंडात गुंतवलेले, जितके वाढतील तितके तुझे. स्टेट पेन्शन ट्रान्सफर होतच नाही, ती फक्त इथे पाठवली जाते. दुसरीचं अर्धं दार बंद आहे. ट्रान्सफर हा शब्द खरा लागू होतो तो तिसरीला, आणि तिथेही माझं मत विचारशील तर बहुतेकांनी पॉट हलवायची गरज नसते, पत्ता आणि बँक अकाउंट बदललं की काम भागतं. लोक येतात तेच मुळी “सगळं इकडे आणायचंय” म्हणत, जसं काही तिकडे ठेवलं तर कुणी पळवणारे. पंचावन्न वर्षं पूर्ण झाली की पैसे निघायला लागतात, ते बडोद्यात बसूनही निघतात.

स्टेट पेन्शन बडोद्याच्या अकाउंटात येते का?

येते. कमीत कमी १० वर्षं एनआय भरलेलं पाहिजे, फुल मिळायला साधारण ३५. २०२५-२६ ला फुल रेट आठवड्याला २३०.२५ पाउंड होता, माझी १७ वर्षं भरतात, म्हणजे ढोबळ हिशोबाने ११२ पाउंडाच्या आसपास. (२०१६ च्या आधीची वर्षं असतील तर आकडा थोडा इकडेतिकडे होतो, सरकारी साइटवर स्वतःचा फोरकास्ट काढता येतो, तो काढाच.) परदेशातून अर्ज इंटरनॅशनल पेन्शन सेंटरकडे करायचा, वय भरायच्या चार महिने आधीपासून करता येतो. पैसे दर चार आठवड्यांनी नाहीतर दर तेरा आठवड्यांनी घेता येतात. मी सगळ्यांना तेरावालं सांगते, कारण मध्ये बँक कमिशन खाणार असेल तर ते वर्षातून चारदाच खाईल.

वय मात्र बघून ठेवा. आधी ६६ होतं, २०२६ ते २०२८ मध्ये हळूहळू ६७ होतंय. माझा जन्म १९६५ चा, म्हणजे मला ६७ लागणार. साठीला पेन्शन येईल असं मनात धरून परत आलेली जोडपी मी बघितलीत, मग मधली सहासात वर्षं एफडी मोडून खातात.

कुणी म्हणालं इंडियात आलं की पेन्शन वाढतच नाही, खरं का?

खरं आहे, आणि ज्यावर मी घरी सर्वात जास्त बडबड करते तो विषय हाच. यूकेत स्टेट पेन्शन दर एप्रिलमध्ये वाढते. तुम्ही युरोपात किंवा अमेरिकेत राहायला गेलात तरी वाढते, कारण तिकडे तसे करार आहेत. इंडियाशी नाही. (कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाशीही नाही, हे ऐकून लोकांना जरा बरं वाटतं, का कुणास ठाऊक.) इथे राहायला लागलात की ज्या आकड्यावर असाल तिथेच ती गोठली, फ्रोजन म्हणतात तिला.

आमच्या गल्लीत एक काका आहेत, २००९ मध्ये परत आले, तेव्हा फुल बेसिक पेन्शन (२०१६ च्या आधीच्या जुन्या पद्धतीची) आठवड्याला ९५.२५ पाउंड होती. आजही त्यांना ९५.२५ च येतात. लेस्टरला राहिले असते तर २०२५-२६ मध्ये त्याच पेन्शनचे १७६.४५ झाले असते. फरक आठवड्याला ८१ पाउंड, वर्षाला चार हजाराच्या वर, आणि हा फरक दर एप्रिलला अजून रुंद होतो. काका दर एप्रिलमध्ये बँकेचा मेसेज उघडून बघतात, मग फोन खिशात ठेवून सेव उसळ खायला जातात. पाउंड महागला तेवढीच काय ती त्यांची वाढ.

एक बारकी गंमत, तुम्ही मुलांकडे म्हणून यूकेत गेलात आणि कळवलंत तर तेवढ्या मुक्कामापुरती वाढीव रेटने मिळते, परत आलात की पुन्हा जुना आकडा. आणि जुलै २०२५ मध्ये भारत-यूके व्यापार करार सही झाला तेव्हा माझ्याकडे फोन आले की आता वाढणार ना? नाही. त्या करारासोबत जे सोशल सिक्युरिटीचं ठरलं ते थोड्या काळासाठी कंपनीने पाठवलेल्या लोकांनी दोन्हीकडे कापून देऊ नये यासाठी आहे, म्हाताऱ्यांच्या गोठलेल्या पेन्शनशी त्याचा काही संबंध नाही.

म्हणून परत यायचा प्लॅन करताना हिशोब वीस वर्षांचा करा. आज ११२ पाउंडांवर चालू झाली तर ऐकायला बरे वाटतात, २०४५ मध्ये पण ११२ च असतील.

क्यूरॉप्स म्हणजे काय? सगळे तोच शब्द घेतात.

यूकेबाहेरची अशी पेन्शन स्कीम जिला यूकेतून पैसे पाठवले तर यूकेचं टॅक्स खातं ओरडत नाही. ६ एप्रिल २००६ पासून ही सोय आहे. एचएमआरसी, म्हणजे तेच टॅक्स खातं, महिन्यातून दोनदा, १ आणि १५ तारखेला, अशा स्कीमांची यादी टाकतं, त्यात आपल्याकडच्या काही लाइफ इन्शुरन्स कंपन्यांचे पेन्शन प्लॅन असतात. पण यादीत नाव आहे म्हणजे सरकारने शिक्का मारून दिलाय असं समजू नका, स्कीमने स्वतःच “आम्ही अटी पाळतो” असं कळवलेलं असतं, एवढाच त्याचा अर्थ. यादीतून नावं जातातही. एप्रिल २०१५ मध्ये ५५ च्या आत पैसे देता येणार नाहीत ही अट आली तेव्हा खूप स्कीमा बाहेर गेल्या, ऑस्ट्रेलियाच्या तर जवळजवळ सगळ्याच. तेव्हा ज्या दिवशी पैसे निघणार त्या आठवड्याची यादी बघायची, एजंटने प्रिंट काढून दिलेली नाही.

आणि यादीत नसलेल्या ठिकाणी पाठवले तर? तो अनऑथराइज्ड पेमेंट धरतात, ४० टक्के टॅक्स आणि वर १५ टक्के सरचार्ज लागू शकतो, म्हणजे ५५. शंभरातले पंचेचाळीस घरी. पीएफमध्ये टाकू का, एलआयसीची कुठलीही पॉलिसी घेऊन त्यात टाकू का, असं विचारणाऱ्यांसाठी हे उत्तर आहे.

यादीतल्या स्कीमला पाठवलं तर चार्ज लागत नाही ना?

इथेच फसतात लोक, मी पण फसले असते. ९ मार्च २०१७ पासून ओव्हरसीज ट्रान्सफर चार्ज आहे, २५ टक्के. तो चुकवायचा साधा मार्ग एकच, तुम्ही ज्या देशात राहता त्याच देशातली स्कीम पाहिजे. बडोद्यात राहता तर स्कीम इंडियातली. (आधी युरोपात राहणाऱ्यांना युरोपातल्या दुसऱ्या देशातली स्कीमही चालायची, ती सवलत ३० ऑक्टोबर २०२४ ला काढली.)

आता माझी गोष्ट. जानेवारी २०२०, आम्हाला येऊन तीन महिने झालेले, अलकापुरीतल्या एका हॉटेलात “परतलेल्या भारतीयांसाठी” सेमिनार. फुकट जेवण, उंधियू होता, तोही चांगला होता, खोटं कशाला बोलू. सूट घातलेला मुलगा गोड बोलत होता, म्हणाला बेन, तुमचा ३१ हजार पाउंडाचा पॉट माल्टाच्या स्कीममध्ये टाकू, करन्सी तुम्ही निवडा, चार्ज काही नाही. मी विचारलं, मी तर इंडियात राहते, मग २५ टक्के? तो म्हणाला ते श्रीमंतांना असतं. घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, आपण श्रीमंत नाही हे खरं, पण ३१ हजाराचे २५ टक्के म्हणजे ७,७५० पाउंड, आणि तो नियम वाचला तर त्यात श्रीमंत गरीब असं काही लिहिलेलंच नाही, कुठे राहता तेवढंच विचारलंय. दुसऱ्या दिवशी त्याने ब्रोशर पाठवलं त्यात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात सुरुवातीची फी, दर वर्षीची फी, फंड मॅनेजरची वेगळी, ट्रस्टीची वेगळी. मी फोन करून एवढंच विचारलं की मी सही केली तर तुला किती मिळतात? त्यानंतर त्याचा फोन आला नाही. तुम्हीही हाच प्रश्न विचारा, पहिल्याच भेटीत, जेवायच्या आधी.

आणि आपणहून फोन करून “तुमची पेन्शन फ्री रिव्ह्यू करून देतो” म्हणणारे, यूकेत जानेवारी २०१९ पासून पेन्शनचे असे कोल्ड कॉल बेकायदा आहेत. बाहेरच्या देशातून येतात ते येतातच. ठेवून द्यायचा फोन.

इंडियातल्या स्कीममध्ये टाकली आणि नंतर मुलीकडे कॅनडाला राहायला गेलो तर?

फार चांगला प्रश्न, आणि बडोद्यात हा प्रत्येकाला लागू, कारण आपली मुलं कुठे स्थिर होतील याचा नेम नाही. ट्रान्सफर झाल्यावर पाच पूर्ण टॅक्स वर्षं तुम्ही त्याच देशात राहिलं पाहिजे. यूकेचं टॅक्स वर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल. समजा जून २०२६ मध्ये पैसे इंडियात आले, तर पाच पूर्ण वर्षं मोजायची ६ एप्रिल २०२७ पासून, म्हणजे ५ एप्रिल २०३२ पर्यंत. मधेच कायमचे कॅनडाला गेलात तर तो २५ टक्के तेव्हा लागू होतो. नातवंडाला सांभाळायला सहा महिने जाणं वेगळं, राहायला जाणं वेगळं, पण जिथे टॅक्स रेसिडेंट व्हाल तिथे हिशोब बदलला. शिवाय ट्रान्सफर झाल्यावरही १० वर्षं ती स्कीम एचएमआरसीला तुमच्या पैशांची माहिती कळवत राहते. आपण म्हणतो सुटलो विलायतेतून, पण विलायत सोडत नाही.

दहा लाखांच्या वरच्या पॉटसाठी अजून एक मर्यादा आहे, १०,७३,१०० पाउंड, त्याच्या वरच्या रकमेवर देश जुळत असला तरी २५ टक्के. ज्यांचं तेवढं आहे त्यांनी माझं वाचत बसू नये, माणूस ठेवावा.

ह्यांची एनएचएसची पेन्शन आहे, ती आणता येईल?

नाही. एनएचएस (तिकडची सरकारी आरोग्यसेवा), शिक्षक, सिव्हिल सर्व्हिस अशा ज्या सरकारी पेन्शनींच्या मागे फंड नसतो, सरकार चालू तिजोरीतून देतं, त्या एप्रिल २०१५ पासून पॉटवाल्या स्कीममध्ये हलवता येत नाहीत, क्यूरॉप्स असली तरी. पण ह्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. आमच्या ह्यांची एनएचएसची पेन्शन बडोद्यात राहूनसुद्धा दर एप्रिलमध्ये महागाईप्रमाणे वाढते, ती गोठत नाही. एकाच घरात दोन पेन्शनी, एक वाढणार आणि एक गोठणार, म्हणून दर एप्रिलला आमच्याकडे हे खूश आणि पुढे जाऊन मी नाखूश असणारे.

प्रायव्हेट कंपनीची जुनी पगारावरची पेन्शन आहे, तिचं?

ती कायद्याने हलवता येते, पण किंमत ३०,००० पाउंडांच्या वर असेल तर यूकेत मान्यता असलेल्या स्वतंत्र अ‍ॅडव्हायजरचा सल्ला घ्यायलाच लागतो. तो सल्ला फुकट नाही, हजारोंत जातो, आणि परदेशी राहणारा माणूस म्हटलं की बरेच अ‍ॅडव्हायजर घेतच नाहीत. सल्ला बहुधा “हलवू नका” असाच येतो, आणि बरोबर येतो. आयुष्यभराची, महागाईबरोबर वाढणारी, मागे नवराबायकोला अर्धी मिळणारी पेन्शन सोडून मार्केटच्या भरवशावर पॉट घेणं म्हणजे चालती गाडी विकून पेट्रोल घेणं.

कागद काय लागतात आणि वेळ किती?

पासपोर्ट, एनआय नंबर, इथला पत्ता, नव्या स्कीमचे कागद आणि एपीएसएस २६३ नावाचा फॉर्म, तो तुम्ही भरून जुन्या स्कीमला द्यायचा, तोही ६० दिवसांच्या आत, नाहीतर चार्ज कापून पाठवतात. ३० नोव्हेंबर २०२१ पासून एक नवीन चाळणी आहे. स्कीमला काही संशयास्पद दिसलं तर लाल किंवा पिवळा झेंडा. लाल म्हणजे ट्रान्सफर बंद. पिवळा म्हणजे मनीहेल्पर नावाच्या सरकारी सेवेशी फोनवर बोलायचं, त्यांच्याकडून नंबर घ्यायचा, तो दिल्याशिवाय पुढे नाही. परदेशी स्कीम म्हटली की तुम्ही खरंच तिथे राहता याचा पुरावा मागतात, लाइट बिल, बँक स्टेटमेंट, भाडेकरार. त्या फोनला लोक कंटाळतात, पण मी ऐकलाय तो ह्यांच्या मित्रासोबत बसून, तासभर बाई शांतपणे विचारत होती की तुम्हाला हे कोणी सुचवलं, किती फी सांगितली, घाई करतायत का. तो मित्र फोन ठेवून म्हणाला, राहू दे, नाही करत.

कायद्याने सहा महिन्यांत व्हायला पाहिजे. मध्ये एक कागद परत आला की घड्याळाचं काही खरं नाही.

नावाच्या स्पेलिंगमुळे अडलंय, काय करू?

हा खास बडोद्याचा आजार. आपल्याकडे आधारवर आडनाव आधी, मग नाव, मग नवऱ्याचं नाव. तिकडच्या रेकॉर्डला नाव आणि आडनाव, मधलं गायब. त्यात गायकवाड आडनावाचं एक स्पेलिंग राजवाड्याचं, ‘जीएईके’वालं, आणि एक पुण्याचं ‘जीएआयके’वालं, एकाच घरात भावाभावांची दोन असतात. पाटणकरांचं टीएच, जोशींचं आय का वाय, काय विचारू नका. एका ताईंचं लग्नाआधीचं नाव पेन्शनला, लग्नानंतरचं पासपोर्टला आणि आधारवर “बेन” चिकटलेलं. तीन बायका झाल्या कागदावर, आणि पेन्शन एकीचीच.

उपाय: मॅरेज सर्टिफिकेटची इंग्लिश प्रत, आणि दिवाळीपुऱ्याच्या कोर्टाबाहेर नोटरीकडून “ही सगळी नावं माझीच” असं अ‍ॅफिडेव्हिट, त्यात पासपोर्ट, आधार, पेन्शन रेकॉर्ड तिन्हीवरचं स्पेलिंग जसंच्या तसं टाईप करून. नोटरीच्या टायपिस्टवर सोडू नका, शेजारी उभं राहून एकेक अक्षर बघा. माझ्या पहिल्या अ‍ॅफिडेव्हिटमध्ये लेस्टरचं लेक्चर झालं होतं. आणि शक्यतो हे यूके सोडायच्या आधीच तिथल्या पेन्शन कंपनीकडे दुरुस्त करून घ्या, तिथे एक पत्र पुरतं.

सगळे पैसे एकदम काढून आणले तर? काय ती कटकट.

५५ नंतर काढता येतात, ६ एप्रिल २०२८ पासून ५७ नंतर. साधारण पाव हिस्सा यूकेत टॅक्स-फ्री, बाकीवर टॅक्स. माझा एक छोटा पॉट होता, ६,८०० चा, तो २०२१ मध्ये काढला. १० हजाराच्या आतले छोटे पॉट एका फटक्यात काढता येतात. १,७०० सुटले, उरलेल्या ५,१०० वर २० टक्के, म्हणजे १,०२० पाउंड कापून आले. ते परत मागायला वेगळा फॉर्म, पी५३. माझा पासपोर्ट ब्रिटिश, म्हणून तिकडचा पर्सनल अलाउन्स (टॅक्स न लागणारी रक्कम) मिळतो आणि तिकडे दुसरी कमाई काही नाही, त्यामुळे मिळाले, पण आठ महिने गेले. मोठा पॉट एकदम काढलात तर टॅक्सची वरची पायरी लागते, ते नका करू. थोडे थोडे काढा.

टॅक्स दोन्हीकडे लागतो का?

भारत-यूके टॅक्स करार आहे. खाजगी पेन्शनवर तुम्ही जिथे रेसिडेंट तिथेच टॅक्स, सरकारी नोकरीच्या पेन्शनचे नियम वेगळे. नियमित पेन्शन चालू झाली की इथल्या इन्कम टॅक्सकडून टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट काढा, एचएमआरसीचा टॅक्स कराराचा फॉर्म भरा, मग तिकडून पेन्शन कंपनीला एनटी कोड जातो आणि तिकडे कापणं बंद. इथे मात्र रिटर्नमध्ये दाखवायची. तिकडचा टॅक्स-फ्री पाव हिस्सा इथेही आपोआप टॅक्स-फ्री असं धरून चालू नका, सीएला विचारा.

परत आल्यावर पहिली दोनतीन वर्षं बऱ्याच जणांना आरएनओआर (रेसिडेंट, पण अजून पूर्ण नाही) स्टेटस मिळतो, मागच्या १० पैकी ९ वर्षं नॉन-रेसिडेंट असाल किंवा मागच्या ७ वर्षांत ७२९ दिवसांपेक्षा जास्त इथे नसाल तर. तेव्हा बाहेरची कमाई इथे लागत नाही. ज्यांना काही काढायचंच आहे त्यांनी ह्या काळात काढावं, हा फायदा लोक झोपेत घालवतात. त्यानंतर तो पॉट रिटर्नच्या फॉरिन अ‍ॅसेटच्या शेड्यूलमध्ये दाखवायलाच लागतो, न दाखवल्याचा दंड १० लाखांचा आहे. बाहेरची सगळी मालमत्ता (घरजमीन सोडून) मिळून २० लाखांच्या आत असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून तो दंड लागत नाही, पण “एवढासा तर पॉट” म्हणून दाखवायचं टाळू नका. यूके, अमेरिका, कॅनडाच्या रिटायरमेंट अकाउंटवर दर वर्षीच्या वाढीवर टॅक्स न भरता पैसे काढताना भरायची सोय पण आहे, जुन्या कायद्यात ते कलम ८९ए होतं, एप्रिल २०२६ पासून नवीन कायदा आल्यामुळे नंबर बदललेत, सीएला “८९ए वालं” म्हटलं की कळतं.

जिवंत असल्याचा दाखला काय प्रकार आहे?

यूकेवाले अधूनमधून टपालाने लाइफ सर्टिफिकेट पाठवतात. ते डॉक्टर, बँक मॅनेजर, शिक्षक अशा कुणाकडून सही करून परत धाडायचं, साक्षीदार ब्रिटिश असायची गरज नाही. नाही पाठवलं तर पेन्शन थांबते. गल्लीतल्या त्या काकांचं एकदा थांबलं होतं. फॉर्म आला होता, पण वॉचमनने लाइट बिलांच्या गठ्ठ्यात घालून मीटरच्या पेटीवर ठेवलेला, तीन महिने तिथेच, वर कबुतराची विष्ठा. आम्ही पुसून पुसून तोच भरला, डॉक्टरांनी सही करताना काकांची नाडी बघितली, म्हणाले, हो, आहेत. आता काका पत्ता देताना “सी/ओ” म्हणून माझं घर देतात.

ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका?

ऑस्ट्रेलियाचं सुपर (तिकडचा नोकरीचा पेन्शन फंड) इंडियात ट्रान्सफर होत नाही. टेम्पररी व्हिसावर असाल आणि देश सोडून व्हिसा संपला तर काढता येतं, साधारण ३५ टक्के टॅक्स कापून, वर्किंग हॉलिडेवाल्यांचे ६५. पीआर किंवा सिटिझन असाल तर ६० पर्यंत तिथेच. कॅनडाचं सीपीपी (नोकरीत पैसे भरून मिळणारी सरकारी पेन्शन) कुठेही मिळतं, ओएएस (तिकडे राहिलेल्या वर्षांवर मिळणारी म्हातारपणाची पेन्शन) मात्र बाहेर राहून चालू राहायला १८ व्या वर्षानंतरची २० वर्षं तिकडे राहिलेली पाहिजेत, पण कॅनडाशी भारताचा २०१५ पासून करार आहे, त्यात दोन्हीकडची वर्षं जोडून धरता येतात. अमेरिकेशी असा करार नाही. सोशल सिक्युरिटीला ४० क्रेडिट, म्हणजे साधारण १० वर्षं, आणि फोर-ओ-वन-के (नोकरीतला रिटायरमेंटचा पॉट) साडेएकोणसाठच्या आधी काढलात तर टॅक्सशिवाय १० टक्के पेनल्टी.

उलटं विचारतो, मुलगा चाललाय जर्मनीला, त्याचा पीएफ तिकडे जाईल?

नाही जात. नोकरीसाठी कायमचा बाहेर चालला असेल तर पीएफ काढायची सोय स्कीममध्येच आहे. पाच वर्षं सलग पूर्ण नसतील तर टॅक्स लागतो. ईपीएसला (पीएफसोबतची पेन्शन स्कीम) १० वर्षं झाली असतील तर ते काढता येत नाही, ५८ ला पेन्शन मिळते, ५० पासून घेतली तर दर वर्षामागे ४ टक्के कमी. जर्मनीशी आपला करार आहे, त्यामुळे कंपनीने इथून पाठवलं असेल तर ईपीएफओकडून कव्हरेज सर्टिफिकेट घ्या, तिकडे कापणं वाचतं. निघायच्या आधी यूएएनला (पीएफचा कायमचा नंबर) आधार, पॅन, बँक सगळं जोडून ठेवा, तिकडून ओटीपीसाठी इथल्या सिमची वाट बघत बसतात मग.

पप्पा गुजरात सरकारचे पेन्शनर, माझ्याकडे टोरंटोला राहायला येतायत.

पेन्शन चालूच राहते. अकाउंट एनआरओ (परदेशी राहणाऱ्यांचं इथलं रुपयांचं खातं) करायला लागतं, त्यातून टॅक्स भरून पेन्शनचे पैसे बाहेर पाठवता येतात. हयातीनी खराई, म्हणजे जिवंत असल्याचा दाखला, दर वर्षी, जीवन प्रमाण अ‍ॅपवर चेहरा दाखवून होते, नाहीतर तिकडच्या भारतीय वकिलातीतून. निघायच्या आधी बडोद्यात एकदा मोबाइलवर करून बघा, म्हाताऱ्यांच्या चष्म्यावर ट्यूबलाइट चमकली की अ‍ॅप चेहराच ओळखत नाही.

जुनी कंपनी बंद पडली, पॉट कुठे गेला?

कुठे जात नाही. यूके सरकारची पेन्शन ट्रेसिंग सर्व्हिस आहे, फुकट, कंपनीचं नाव टाका, कुणाकडे आहे त्यांचा पत्ता मिळतो. जुने पी६० (वर्षाच्या पगार-टॅक्सचा दाखला) आणि पगाराच्या स्लिपा रद्दीत देऊ नका, म्हणून ओरडते मी.

मला काही झालं तर बायकोला मिळेल ना?

पॉट असेल तर त्या कंपनीकडे एक्स्प्रेशन ऑफ विश नावाचा फॉर्म असतो, नॉमिनीसारखा, तो भरलाय का बघा, बऱ्याच जणांचा अजून आईच्या नावावर असतो, लग्नाआधी भरलेला. ६ एप्रिल २०२७ पासून न वापरलेला पॉट यूकेच्या वारसा टॅक्सच्या हिशोबात धरायचा बदल येतोय, तेव्हा मोठी रक्कम मागे ठेवायचा विचार असेल तर तो परत करा. आणि बायकोला कंपनीचं नाव, नंबर आणि कुणाला लिहायचं ते माहीत पाहिजे. आमच्या कपाटात वरच्या खणात खाकी पाकीट आहे, त्यावर ह्यांनी मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलंय “हिची पेन्शन” आणि “माझी पेन्शन”. मुलाला मराठी वाचता येत नाही, म्हणून मागच्या दिवाळीत खाली गुजरातीत पण लिहिलं.